बाळंतपणानंतर बायको सारखी रडते, बाळ महिन्याचं झालं तरी जेवत नाही, बाळाकडे बघत नाही, घरचे म्हणतात बाधा झाली. त्यात कापूस वेचायला माणसं मिळत नाहीत. काय करू?

भाऊ, बाबाकडे नेऊ नका. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणं, चिडचिड होणं बहुतेक बायांना होतं. शरीरातली संप्रेरकं (हार्मोन) एकदम खाली येतात, त्यात झोप नाही. हे साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. तुमचं बाळ महिन्याचं झालं आणि वहिनी अजून जेवत नाहीत, बाळाकडे बघत नाहीत म्हणता, म्हणजे हे प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. तो आजार आहे, उपचारानं बरा होतो.

आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतातच; बाळाचं वजन झालं की वहिनींबद्दलही सांगा, सासूबाईंसमोर नको. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाला दाखवा. अंगावर पाजतात हे आधीच सांगा, त्याप्रमाणे औषध देतात. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

पण भलतंसलतं बोलत असतील, रात्र-रात्र झोप नसेल, जिवाचं किंवा बाळाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर त्याच दिवशी दवाखाना. एकटं सोडू नका.

घरात मुलगी झाली म्हणून टोमणे चालू असतील (आपल्याकडे असतात, बाप्पा!) तर ते तुम्हीच थांबवा, सून बोलू शकत नाही. कापूस वेचायला माणसं मिळत नाहीत हे खरं, पण रात्रीचं बाळाचं एक रडणं तुम्ही सांभाळलंत तर तिला सलग चार तास झोप मिळेल. डिंकाच्या लाडवांपेक्षा तिला सध्या त्याची गरज जास्त आहे.