‘जेवला का?’ हा फोन दोन आठवडे बंद

यावेळच्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं मुलांच्या जेवणाचीच आहेत, म्हणून त्यातल्या एका पत्राला जरा सविस्तर उत्तर देतेय, बाकीच्यांनी त्यातच आपलं उत्तर शोधलं तरी चालेल, कारण घरं वेगळी असली तरी ताट तेच आहे.

प्रश्न : ताई नमस्कार. माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. मी आणि मिस्टर दोघंही डोंबिवलीहून मुंबईला नोकरीला जातो, सकाळी साडेसातला घर सोडलं की रात्री आठ वाजतात. दिवसभर सासूबाई बघतात आणि खरंच जीव लावून बघतात, पण त्याला मोबाईलवर गाणी लावल्याशिवाय भरवत नाहीत. दुपारचं जेवण एक-दीड तास चालतं, घास गालात धरून बसतो, गिळतच नाही, मोबाईल काढला की तोंड घट्ट बंद. मी रोज एक वाजता ऑफिसमधून फोन करून विचारते जेवला का, तर म्हणतात जेवला बाई एकदाचा. गेल्या रविवारी मी मोबाईल न देता बसवलं तर दोन घास खाऊन उठला, तर सासूबाई म्हणाल्या पोराला उपाशी ठेवू नकोस, मग वाद झाला, मिस्टर काही बोललेच नाहीत. वजन 12 किलो आहे. दूध तेवढं आवडीनं पितो, सकाळी, अकराला, चारला आणि रात्री झोपताना बाटलीनं, प्रत्येक वेळी दोनशे एमएल. खूप टेन्शन येतं, काय करू? – एक आई, डोंबिवली

उत्तर : अगं, तुझ्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य परत वाच. चार वेळा दोनशे म्हणजे आठशे एमएल दूध. अडीच वर्षाच्या पोराचं पोट केवढंसं असतं, त्यात एवढं दूध गेल्यावर वरणभाताला जागा कुठे उरणार? या वयात दिवसाला साधारण अर्धा लिटरच्या वर दूध जायला नको, कारण एक तर भूक मरते आणि दुसरं म्हणजे दुधात लोह जवळजवळ नसतंच, म्हणून नुसत्या दुधावर गुटगुटीत दिसणाऱ्या मुलांचं सुद्धा हिमोग्लोबिन कमी निघतं. रात्री बाटली तोंडात घेऊन झोपण्यानं दात किडतात ते वेगळंच. तेव्हा पहिलं काम हे, दूध दोनदाच, सकाळी आणि संध्याकाळी, आणि तेही कपानं. बाटल्या घरातून काढूनच टाक, माळ्यावर ठेवल्या तर रडणं ऐकून कोणीतरी खाली काढतंच.

आता वजनाचं. तीन किलोचं बाळ वर्षभरात साधारण नऊ किलोचं होतं, म्हणजे तिप्पट. पण दुसऱ्या वर्षात फक्त दोन-अडीच किलो वाढतं आणि पुढे पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत वर्षाला दोन किलोच्या आसपास. म्हणजे वाढच हळू होते, म्हणून भूकही कमी होते, आणि नेमकं त्याच वेळी आपल्याला वाटतं हा आधी किती छान खायचा आता काय झालं. काही झालेलं नसतं गं. अडीच वर्षाच्या मुलाला 12 किलो हे ठीक वजन आहे. दवाखान्यातून मिळालेलं माता आणि बाल संरक्षण कार्ड असेल ना घरी, त्यात मागे वाढीचा तक्ता आहे, त्यावर आजवरची वजनं टिंब टिंब करून जोड. रेघ वर चाललेली असेल तर निवांत राहा. दोन-तीन महिने वजन अजिबात वाढलं नाही, मूल फिकट आणि मरगळलेलं दिसतंय, गिळताना ठसका लागतो किंवा वारंवार उलट्या, असं काही असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायचंच. घास गालात धरतो हे पण त्यांना एकदा सांगून ठेव.

मी बावीस वर्षं बालवाडीत शिकवलं. डब्याच्या वेळी एक गोष्ट मी रोज बघायचे. घरी ज्याच्या मागे वाटी घेऊन गॅलरीपर्यंत जावं लागतं तेच मूल आमच्याकडे सतरंजीवर मांडी घालून बसायचं, डब्याचं झाकण स्वतः ओढून ओढून काढायचं, तूप-गुळाची पोळी अर्धी खायचं, बोटं चाटायचं, आणि उरलेली अर्धी तशीच ठेवून झाकण लावायचं. कोणी विचारायचं नाही अर्धी का ठेवलीस. दुसऱ्या दिवशी कधी कधी पूर्ण संपायची. एलिन सॅटर नावाच्या एक अमेरिकन आहारतज्ज्ञ आहेत, त्यांनी हे फार सरळ मांडलंय, काय द्यायचं, कधी आणि कुठे ते मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं आणि खायचं की नाही ते मुलानं ठरवायचं. आपण नेमकं मुलाच्या वाट्याचं काम हातात घेतो आणि आपलं काम, म्हणजे वेळ पाळणं, ते सोडून देतो, मधेच बिस्किट, मधेच कुरकुरे.

आणि मोबाईल लावून भरवण्यात हेच होतं, पोट भरलंय हे त्याला कळतच नाही, तोंड उघडतंय आणि डोळे स्क्रीनवर. दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं आपल्याकडची बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स, सांगते. तुमच्याकडे नुसतं दुपारचं जेवणच दीड तासाचं आहे.

पण आता मला जे खरं सांगायचंय ते. तू रोज एक वाजता फोन करून विचारतेस ना, जेवला का. त्या प्रश्नाला उत्तर द्यायला म्हणून तो मोबाईल लागतो. सासूबाईंच्या जागी जाऊन बघ जरा. साठीच्या बाईवर दिवसभर अडीच वर्षाच्या पोराची जबाबदारी, एकचा फोन येणार, नाही जेवला असं सांगितलं तर सुनेला वाटणार माझ्या मुलाकडे नीट बघत नाहीत. मग त्या काय करणार, हातात येईल ते वापरून वाटी रिकामी करणार. ‘जेवला बाई एकदाचा’ या वाक्यात किती दमणूक आहे ती ऐकलीस का तू? तू प्रेमानंच विचारतेस, लांब असल्याची रुखरुख असते, मला माहितीये, पण तो प्रश्न घरी पोचेपर्यंत हिशेब झालेला असतो. दोन आठवडे हा फोन बंद कर. म्हणजे फोन कर, पण विचार की आई तुम्ही जेवलात का, आज काय खेळला, दुपारी झोपला का, तुम्हाला पाठ टेकायला मिळाली का.

मोबाईल बंद करायचा तो सोमवारी सकाळी सूचना देऊन लोकल पकडायची, असं करू नकोस, सगळी रडारड त्यांच्या एकटीच्या डोक्यावर येते. लाँग वीकेंड बघ किंवा तुम्ही दोघं मिळून तीन-चार दिवस रजा काढा. आईशी बोलायचं काम तुझ्या मिस्टरांचं आहे, त्यांनी स्वतः बसून सांगायचं की आई आम्हाला हे असं करून बघायचंय, तुझ्यावर ठपका नाही. ते गप्प राहतात म्हणून ही गोष्ट सासू-सुनेची होते, मुळात ती तशी नाहीये. त्या दिवसांत तीन जेवणं आणि मधे दोन वेळा खाऊ, वेळा ठरलेल्या, मधे फक्त पाणी. सगळ्यांबरोबर खाली बसवायचं, त्याच्या ताटलीत दोन चमचे भात, वरण, तूप, भाजी अगदी चिमूटभर आणि एक गोष्ट त्याच्या आवडीची. त्याच्या हातानं. सांडू दे, खाली जुनी चादर टाक. वीस-पंचवीस मिनिटांनी ताटली उचलायची, न रागावता, न ‘बघ हं मग’ म्हणता. पहिले तीन-चार दिवस तो कमी खाईल आणि खूप रडेल, आणि सासूबाईंच्या पोटात तुटेल, तेव्हा तू तिथे असलीस तर फरक पडतो. आजीनं चिऊचा घास काऊचा घास करत चार घास भरवले तर त्याला माझी अजिबात ना नाही, तिथे समोर माणूस आहे, गोष्ट आहे. फक्त पाचव्या घासाला तोंड फिरवलं की थांबायचं. आणि हो, अख्खे शेंगदाणे, फुटाणे या वयात हातात देऊ नका, घशात अडकतात, कूट करून घाला.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे. घरातल्या मोठ्या बायका रोज मधाचं बोट चाटवतात, घशाला चांगलं म्हणतात. नाही म्हणायला भीती वाटते. – चि. सौ., परभणी

उत्तर : यात भीड नको. एक वर्षाच्या आत मध अजिबात द्यायचा नाही, घरचा असो की शुद्ध असो. मधात काही जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना त्यानं काही होत नाही पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि बाळ ढिलं पडतं, श्वासापर्यंत जाऊ शकतं. क्वचित होतं, पण होतं तेव्हा फार वाईट होतं. शिवाय सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही. तुला बोलवत नसेल तर पुढच्या लसीला आजींना बरोबर घेऊन जा आणि त्यांच्यासमोरच डॉक्टरांना किंवा नर्सताईंना विचार.

प्रश्न : माझी मोठी मुलगी चार वर्षांची, दीड महिन्यापूर्वी मुलगा झाला. मोठी एकदम बदललीय, दिवसा चड्डीत शू करते, मला भरव म्हणते, बोबडं बोलते. परवा बाळाच्या पायाला चिमटा काढला, मी फटका मारला आणि मग दोघी रडलो. येणारा जाणारा प्रत्येक जण तिला म्हणतो आता तू ताई झालीस, शहाणी हो. – सांगलीहून एक आई

उत्तर : ती शहाणी होती गं, म्हणून तर तिला कळलं की या घरात लहान असलं की उचलून घेतात. ती मुद्दाम करत नाहीये, आणि आपल्याकडे बहुतेक घरांत थोड्याफार फरकानं हे होतंच, काही आठवडे, कधी काही महिने. शू झाली तर चड्डी बदलायची, बोलायचं नाही, पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही. लघवीला जळजळ, ताप, शी खड्यासारखी कडक होत असेल किंवा ती खूप पाणी पिऊन सारखी शूला जात असेल तर मात्र दाखवून घे.

चिमट्याचं सरळ आहे, हात धरायचा आणि सांगायचं बाळाला दुखतं, मी चिमटा काढू देणार नाही. आणि दोघांना एकटं सोडायचं नाही. पण त्याच्या पुढचं वाक्य पण बोल, राग येतो ना तुला, आई सारखी बाळापाशी असते म्हणून. चार वर्षाच्या मुलीला हे दुसऱ्यानं बोलून दाखवलं की किती हलकं वाटतं ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं.

तुमच्याकडे बाळाला मालीश करायला मावशी येत असतील. माझ्या भाचीच्या घरी बाळंतपणात मी होते, तिची मोठी रोज दारात उभी राहून बघायची, एकदा गुपचूप फ्रॉक काढून बाळाच्या शेजारी चटईवर पालथी झोपली, बोलली काहीच नाही. मावशींनी पण काही न बोलता हातावर तेल घेतलं आणि तिची पाठ चोळायला लागल्या, मग ऊन ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं, टॉवेलमध्ये गुंडाळून आणलं तर बाळाच्या आधी ही झोपली. त्यानंतर दर रविवारी तिची पाळी ठरली. तेव्हा भरव म्हणाली तर भरव. ‘एवढी मोठी घोडी’ म्हणू नकोस. आणि दिवसातून पंधरा मिनिटं बाळ दुसऱ्याकडे देऊन फक्त तिची, दार लावून, ती म्हणेल तो खेळ.

येणाऱ्या-जाणाऱ्यांना तूच आधी सांगून टाक, हिला ताई-बिई म्हणू नका, तिच्या नावानं हाक मारा, आणि बाळाला बघायच्या आधी तिच्याशी दोन वाक्यं बोला. आणि त्या फटक्याबद्दल, तिला सॉरी म्हण एकदा. दीड महिन्याची बाळंतीण, झोप नाही, होतं असं. पण सारखंच रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, बाळाबद्दल किंवा स्वतःबद्दल नको ते विचार येत असतील तर ते अंगावर काढू नकोस, डॉक्टरांना सांग, त्याला औषध आहे.

प्रश्न : मी चाकणला कंपनीत शिफ्टला आहे, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. मुलगी तीन वर्षांची. मी घ्यायला गेलो की म्हणते तू नको, आई पाहिजे. रात्री पडली तरी आईच. मी तिच्यासाठीच राबतो आणि तिलाच मी नकोय, फार लागतं मनाला. – एक बाबा

उत्तर : दादा, तुम्ही हे लिहिलंत याचं मला खूप बरं वाटलं, बाबालोक फार कमी लिहितात. ती तुम्हाला नाकारत नाहीये. या वयाचं मूल ज्याचा वास, ज्याचा हात रोजच्या सवयीचा त्याच्याकडे धावतं, आणि तुमचा आठवडा तिला ओळखताच येत नाही, आज सकाळी असता, उद्या झोपलेले असता.

म्हणून एक काम फक्त तुमचं करा, शिफ्ट कुठलीही असो. खेळणं आणू नका, काम घ्या. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळची अंघोळ तुमची, फर्स्टला रात्रीची गोष्ट तुमची, नाईटला जायच्या आधी तिचे केस विंचरून वेणी तुमची. वेणी वाकडी होईल, बायकोनं ती सोडून परत घालायची नाही, हे घरात ठरवून घ्या, ते फार महत्त्वाचं आहे. ‘तू नको’ म्हणाली तर ‘जा मग आईकडे’ असं म्हणू नका, तिथेच बसून राहा, म्हणा बरं, आई देते पाणी, मी इथे बसतो. आणि भिंतीवर कॅलेंडर असेल ना, त्यावर तिच्याबरोबर बसून आठवड्याच्या चौकोनांत सूर्य आणि चंद्र काढा, बाबा सकाळी जाणार असेल तिथे सूर्य, रात्री जाणार असेल तिथे चंद्र. रोज झोपताना तिला बोट ठेवून दाखवू दे की उद्या काय आहे.

दोन महिन्यांनी मला परत लिहा.