जहाज उपसतात, उचलतात की तरंगवतात?

प्रश्न असा आहे : ‘समुद्रतळातून जहाज उपसले’ हे बरोबर का? आणि ‘सॅल्व्हेज’ला, म्हणजे बुडालेले वा अडकलेले जहाज वाचवण्याच्या कामाला, ‘तारण’ चालेल का?

‘तारण’ मुळात चोख शब्द. पण आज ‘जहाजाचे तारण’ म्हटले की डोळ्यांपुढे बँकेचे कर्ज येते. त्यापेक्षा ‘सॅल्व्हेज’ बरे.

उपसायचे ते थोडे थोडे करून : विहिरीचे पाणी, गाळ, झालेच तर कष्ट. (तलवार उपसतात, ते वेगळे.) अख्खे जहाज उपसता येत नाही. १६२८ मध्ये स्टॉकहोमला बुडालेले ‘वासा’ हे जहाज पाहा. पाणबुड्या माणसांनी पाण्याच्या झोताने त्याच्या पोटाखालून सहा बोगदे पाडले, त्यांतून पोलादी दोर ओवले. वर दोन पाँटून, म्हणजे पोकळ तराफे. त्यांत पाणी भरून ते खोल बसवायचे, दोर ताणून बांधायचे, मग ते पाणी उपसायचे. पाँटून वर येतात, जहाज तळ सोडते. तसेच उथळाकडे ओढायचे. टेकले की पुन्हा पहिल्यापासून. १९५९ मध्ये अशा १८ टप्प्यांत ते ३२ मीटरवरून १६ मीटरवर आणले. उपसले ते पाणी. उचलले ते जहाज. १९६१ मध्ये पोटातले पाणी काढल्यावर ते स्वतःच तरंगत गोदीत गेले, तिथे ‘तरंगवले’ हेच क्रियापद.

थोडक्यात, भार दोरावर असेल तर उचलणे, पाण्यावर असेल तर तरंगवणे. हवेच्या पिशव्यांनी काढताना दोन्ही चालतील. एक घनमीटर हवा साधारण एक टन पेलते. मात्र ३० मीटर खोल भरलेली हवा वर येईतो चौपट फुगते. जादा हवा निसटावी म्हणून मोठ्या पिशव्यांचे तोंड खाली उघडे ठेवतात. वस्तू गाळात रुतलेली असली की गाळ तिला धरून ठेवतो. म्हणून हवा वाढवत नेली आणि पकड अचानक सुटली, तर ती सुसाट वर येते, पिशव्या कलंडून हवा जाते आणि वस्तू पुन्हा तळाला. याला ‘उसळणे’ म्हणावे, ‘वर येणे’ नव्हे.

राहिला सॅल्व्हेजमधला आणखी एक शब्द, ‘पार्बकलिंग’. दोराचा मध्य वर खुंट्याला अडकवायचा, दोन्ही टोके पिंपाखालून घेऊन वरून ओढायची. पिंप लोळत वर येते. ही खलाशांची जुनी युक्ती. इटलीत जिल्यो बेटाजवळ कुशीवर पडलेले ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे प्रवासी जहाज सप्टेंबर २०१३ मध्ये याच तत्त्वाने सुमारे १९ तासांत उभे केले. तरंगवले जुलै २०१४ मध्ये. मराठीत ‘उभे करणे’ पुरे. ‘उलटवले’ मात्र लिहू नये. उलटायचे तेवढे बाकी होते.