‘सुविचार’ नको, ‘म्हण’ही नव्हे, मग म्हणायचं काय?

प्रश्न असा आला आहे: ‘माणसाच्या स्वभावावर नेमकं बोट ठेवणारी, हसवता हसवता शहाणं करणारी एकेका ओळीची वाक्यं मी एका वहीत उतरवून ठेवते. त्या वहीला नाव द्यायचं आहे. सुविचार म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणी म्हणाव्यात तर त्या म्हणीही नव्हेत. इंग्रजीत ज्याला ॲफोरिझम म्हणतात त्याला मराठीत शब्दच नाही का?’ सोबत मासल्याला दोन वाक्यं आहेत. एक: ‘सल्ला मागायला आलेला माणूस बहुतेक वेळा दुजोरा न्यायला आलेला असतो.’ दुसरं: ‘आपल्या आळसाला आपण विश्रांती म्हणतो, दुसऱ्याच्या विश्रांतीला आळस.’

शब्द आहेत, आणि एकाऐवजी पाच-सहा आहेत. अडचण तीच आहे.

जीभ रेटत नाही, ते का, हे आधी पाहू. सु + विचार. यातला चांगुलपणा विचाराचा आहे. तो विचार कसाही सांगितला तरी सुविचारच राहतो, म्हणून वर्गातल्या फळ्यावर ‘वेळेचा सदुपयोग करावा’ इतकं सपाट वाक्यही बिनदिक्कत खपून जातं. सु + भाषित म्हणजे ‘चांगलं बोललेलं’. इथे चांगुलपणा बोलण्याचा आहे. विचार कदाचित जगजुना असेल, कदाचित दुष्टही असेल, पण सांगितलाय असा की ऐकणारा क्षणभर थबकतो. तुमच्या वहीतली वाक्यं या दुसऱ्या जातीची आहेत. ‘सल्ला मागताना दुजोऱ्याची अपेक्षा ठेवू नये’ असं करून बघा. आशय जवळपास तोच, पण वाक्य मेलं. ते आता फळ्यावर लिहिण्याजोगं झालं.

काय बदललं? क्रियापद. सुविचार हा बहुधा ‘करावे’, ‘ठेवू नये’, ‘करा’ अशा विध्यर्थी किंवा आज्ञार्थी रूपात वावरतो. तुमची वाक्यं ‘असतो’, ‘म्हणतो’ अशी साध्या वर्तमानात आहेत. माणसानं कसं वागावं हे ती सांगत नाहीत, तो कसा वागतो एवढंच सांगून गप्प बसतात. पुढचं ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. (या कसोटीला अपवाद आहेत. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हा उघड उपदेश आहे आणि तरी ती अस्सल म्हण आहे. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ हे तर विध्यर्थाचा झगा घालून आलेलं मिश्कील वाक्य आहे: उपदेश ऐकून घेण्याचा उपदेश, आणि तो न पाळण्याचाही.)

मग ‘सुभाषित’च का नको? व्युत्पत्ती चपखल आहे, इतिहासही. संस्कृतात सुभाषित म्हणजे नुसता नीतिपाठ कधीच नव्हता. इ. स. 1100च्या सुमारास विद्याकर नावाच्या बौद्ध पंडितानं केलेल्या सुभाषितसंग्रहात ऋतू आहेत, प्रेमिक आहेत, विरह आहे. आणि थट्टा तर सुभाषितांचा जुना धंदा. ‘वैद्यराज नमस्तुभ्यं यमराजसहोदर। यमस्तु हरति प्राणान् वैद्यः प्राणान् धनानि च॥’ वैद्यबुवा, तुम्ही यमाचे सख्खे भाऊ. तो बिचारा नुसते प्राण नेतो, तुम्ही प्राणही नेता आणि पैसेही. किंवा जावयावरचं ते प्रसिद्ध सुभाषित: ‘सदा वक्रः सदा क्रूरः सदा पूजामपेक्षते। कन्याराशिस्थितो नित्यं जामाता दशमो ग्रहः॥’ नेहमी वाकडा, नेहमी क्रूर, नेहमी पूजेचा भुकेला, आणि मुक्काम कायमचा कन्या राशीत: जावई हा दहावा ग्रह. ‘कन्या’वरची ही कोटी मराठीत आणताना काही हरवत नाही, हा आपला नशिबाचा भाग.

पण शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीवर ठरत नाही, वापरावर ठरतो. आजच्या मराठीत सुभाषित म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात: संस्कृत आणि श्लोक. तुमची वाक्यं मराठी आहेत आणि गद्य आहेत. ‘सुभाषिते’ असं नाव दिलंत तर वही उघडणारा अनुष्टुभ छंदातले श्लोक शोधेल. ‘सूक्ती’चंही तेच. सु + उक्ती, अर्थ तोच, पण मराठी कानाला तो शब्द पाहुणा वाटतो.

आता म्हणीकडे. इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण ‘ती म्हण नव्हे’ हे तुम्हाला कळलं तरी का नव्हे हे तुम्ही सांगितलेलं नाही.

‘म्हण’ हा शब्द ‘म्हणणे’ या क्रियापदातून आला, आणि ते क्रियापद संस्कृत ‘भण्’पासून. प्रश्न असतो तो म्हणणारा कोण याचा. बोलण्यात म्हण कशी येते ते आठवा: ‘म्हणतात ना, दुरून डोंगर साजरे.’ या ‘म्हणतात’ला कर्ता नाही. उलट एखाद्या माणसाचं वाक्य सांगताना आपण नाव घेतो: ‘तुकोबा म्हणतात...’ अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा असते, म्हणजे म्हणणाऱ्यानं आपली सहीच केलेली असते. पण ‘सुख पाहता जवापाडे, दुःख पर्वताएवढे’ ही तुकोबांची ओळ (‘पाडे’ म्हणजे ‘एवढे’, सुख जवाच्या दाण्याएवढं) आज कित्येकजण निव्वळ म्हण म्हणून वापरतात. ‘तुका’ गळाला, उरलं ‘म्हणे’. आणि नुसत्या ‘म्हणे’चा आजच्या मराठीतला अर्थ पाहा: ‘तो नोकरी सोडतोय म्हणे.’ कोण म्हणतं? कुणीतरी. सगळेच. म्हण होण्यासाठी वाक्याला हेच व्हावं लागतं. सही पुसली गेली पाहिजे आणि लोकांनी ते आपलं म्हणून वापरलं पाहिजे. तुमच्या वहीतली वाक्यं अजून कुणाची तरी आहेत, म्हणून त्या म्हणी नाहीत. पुढेमागे होतीलही.

घडणीच्या दृष्टीनं मात्र ती म्हणींची सख्खी भावंडं आहेत. म्हणींमधलं क्रियापद पाहा, म्हणजे खरं तर नसलेलं क्रियापद पाहा. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार.’ ‘व्यक्ती तितक्या प्रकृती.’ ‘दुरून डोंगर साजरे.’ क्रियापद नाही म्हणून काळ नाही, काळ नाही म्हणून वाक्य कालचंही आणि उद्याचंही. जिथे क्रियापद आहे तिथेही ते कधी कधी जुनं रूप धरून बसलेलं असतं. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ मधलं ‘साचे’ घ्या. आजच्या मराठीत ‘अंगणात पाणी साचे’ म्हटलं तर अर्थ होतो ‘पूर्वी साचत असे’. त्याला रीतिभूतकाळ म्हणतात. पण हे रूप मुळात वर्तमानकाळाचं. भाषेनं पुढे ते भूतकाळाकडे ढकललं, तरी म्हणीत ते जुन्या अर्थानं तसंच राहिलं आहे.

आणि गाळण्याची कला फक्त क्रियापदावर थांबत नाही. ‘नाचता येईना, अंगण वाकडे.’ अंगण वाकडं आहे असं म्हणतंय कोण? म्हण म्हणत नाही. नाचणारी म्हणतेय. मधलं ‘म्हणून म्हणते की’ उडवून टाकलं आहे, आणि तिची सबब थेट आपल्या कानावर पडते, जणू ती सत्यच आहे. ती सबब आहे हे ओळखण्याचं काम आपल्याकडे, आणि ते ओळखलं की हसू येतं. ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’मध्ये हे काम एका ‘ला’नं केलं आहे. द्राक्षं आंबट नाहीत, कोल्ह्याला आंबट आहेत.

तुमचं आळस-विश्रांतीचं वाक्य वाचल्यावर मला लगेच ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ आठवलं. आशय एकच: एकाच गोष्टीची दोन नावं, मालकी कुणाची यावरून ठरणारी. पण म्हणीतली करामत लिंगात आहे. आपला ‘तो’, दुसऱ्याचं ‘ते’. आपलं पोर माणूस, दुसऱ्याचं वस्तू. (नपुंसकलिंग म्हणजे तुच्छताच असा नियम नव्हे, ‘लेकरू’ही नपुंसकलिंगीच आणि त्याच्याइतका मायेचा शब्द सापडणं कठीण. पण ‘तो’च्या शेजारी ‘ते’ ठेवलं की फटका बसतो.) तुमच्या वाक्यात हा फटका क्रमाच्या उलटापालटीतून आला आहे: आळस, विश्रांती, विश्रांती, आळस. दोन्ही शब्द दोनदाच आले, फक्त जागा बदलल्या. उत्तम आहे. फक्त ‘म्हणतो’ शेवटी पुन्हा घातला नाहीत हे बरं केलंत.

माझी सगळ्यात आवडती म्हण ‘चोराच्या मनात चांदणे’. कितीजण ती ‘चोराला मनात उकळ्या फुटतात’ अशा अर्थानं वापरतात ते पाहून चुटपुट लागते. चांदणं सगळ्यांना सुखाचं, चोराला मात्र गैरसोयीचं, कारण चांदण्यात तो दिसतो. बाहेर अमावास्या असली तरी त्याच्या मनात चांदणं पडलेलं असतं. आपल्याला कुणीतरी पाहतंय ही धास्ती. अपराधी मनाचं इतकं सुंदर आणि इतकं थंड वर्णन तीन शब्दांत!

बाकीचे पर्याय भराभर निकालात काढतो. ‘वाक्प्रचार’ नाही, कारण तो पूर्ण वाक्य नसतो; ‘तोंडाला पाने पुसणे’ला कर्ता, काळ, वचन आपण पुरवायचं असतं. ‘बोधवाक्य’, ‘ब्रीदवाक्य’ संस्थांची. ‘कोटी’ शब्दावर खेळते, स्वभावाशी तिचं देणंघेणं असेलच असं नाही. ‘चुटका’ हसवतो आणि सोडून देतो. ‘टोमणा’ला समोर एक विशिष्ट माणूस लागतो, तुमची वाक्यं कुणा एकाला उद्देशून नाहीत, किंवा ‘लेकी बोले सुने लागे’ या चालीवर सगळ्यांनाच आहेत.

‘सूत्र’ हा पर्याय मात्र विचारात घेण्यासारखा. सूत्राचं जुनं लक्षण असं: ‘अल्पाक्षरमसन्दिग्धं सारवद्विश्वतोमुखम्।’ म्हणजे अक्षरं थोडी, संदेह नाही, सार भरलेलं आणि सगळीकडे लागू पडणारं. चारांपैकी तीन गुण तुमच्या वाक्यांत आहेत. ‘असंदिग्ध’पाशी गाडी अडते. शास्त्रकाराला एकच अर्थ हवा असतो. चतुर वाक्य दोन अर्थांच्या फटीत जगतं. शिवाय स्वभावावरची शहाणी वाक्यं एकमेकांशी भांडतात. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ म्हणणारी भाषाच ‘पाचामुखी परमेश्वर’ही म्हणते. सूत्रांमध्ये असा विरोध निघाला तर भाष्यकार झोप उडवून घेतील, म्हणींना त्याचं काहीच वाटत नाही. सूत्रकारांवरून आठवलं: व्याकरणात अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना मुलगा झाल्याचा आनंद होतो, असं एक वचन आहे: ‘अर्धमात्रालाघवेन पुत्रोत्सवं मन्यन्ते वैयाकरणाः।’ हे वचन शास्त्रकारांमध्येच रुळलं आहे, म्हणजे स्वतःवर हसण्याइतके ते शहाणे होते. तुमच्या वहीत याला जागा द्या.

तर मग काय? माझं मत ‘मार्मिक वचने’. नामापेक्षा इथे विशेषण जास्त काम करतं. ‘मर्म’ म्हणजे शरीरातली अशी जागा जिथं आघात झाला तर जिवावर बेततं. सुश्रुतसंहितेत अशी 107 मर्मं मोजली आहेत. मार्मिक म्हणजे मर्म जाणणारा. मर्म ठाऊक असणं आणि तिथे घाव घालणं यात फरक आहे, आणि ‘मार्मिक’ व ‘खोचक’ यांतला फरक नेमका तोच. मार्मिक बोलणारा मर्मावर बोट ठेवतो. खोचक बोलणारा ते बोट दाबतो. (बोलीत ‘मर्मा’ऐवजी ‘वर्म’ येतं: वर्मावर बोट, वर्मी घाव. गंमत म्हणजे संस्कृतात ‘वर्म’ म्हणजे चिलखत. मराठीत वर्मी लागतं ते नेमकं चिलखत नसतं तिथे.)

‘वचन’ या शब्दाबद्दल एक शंका येऊ शकते, की वचन म्हणजे शपथ, आश्वासन. ‘वचन देणे’, ‘वचन मोडणे’ यांमुळे तसं वाटतं, पण ‘संतवचन’मध्ये कुणालाही आश्वासनाचा भास होत नाही, आणि ‘मार्मिक’ पुढे आलं की उरलासुरला घोटाळा संपतो. संस्कृताचा वास नकोच असेल तर ‘बोल’ आहे. ‘अनुभवाचे बोल’ आपण म्हणतोच. शिवाय ‘बोल लावणे’ म्हणजे दोष देणे, त्यामुळे स्वभावावर नेम धरणाऱ्या वाक्यांना तो शब्द दुहेरी शोभतो. माझ्या कानाला ‘मार्मिक बोल’ किंचित कीर्तनी वाटतं, एवढंच.

‘नर्मवचने’ही मनात आलं होतं. ‘नर्मविनोद’मधलं ‘नर्म’ हे संस्कृत ‘नर्मन्’, म्हणजे थट्टा, क्रीडा. राजाला रिझवणारा तो ‘नर्मसचिव’. फारसीतून आलेल्या ‘नरम’शी त्याचा संबंध नाही. पण नर्मविनोद म्हणजे मऊसूत, न बोचणारा विनोद असंच बहुतेकांना वाटतं, आणि तुमची वाक्यं तर बोचतात. वहीच्या पहिल्याच पानावर हा खुलासा लिहावा लागेल. तेव्हा ते नको.