फ्रँटिक या शब्दाचा अर्थ काय आणि तो कधी वापरायचा?

डिक्शनरीत 'उन्मत्त', 'वेडापिसा' असलं काहीतरी दिसलं असेल, म्हणून प्रश्न पडला असणार. ते अगदीच चूक नाही, मूळ ग्रीक शब्द मेंदूच्या आजाराचा, तापात माणूस बरळतो तसला, आणि जुन्या इंग्लिशमध्ये फ्रँटिक म्हणजे सरळ वेडा. पण आता तसं कोणी फारसं वापरत नाही.

आता अर्थ असा की भीती किंवा काळजी आहे, वेळ कमी आहे, आणि माणूस जिवाच्या आकांताने काहीतरी करतोय पण त्याला धड सुचत नाहीये. सांगलीचा ऑगस्ट 2019 चा महापूर आठवा, आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आणि कृष्णा गेली 57 च्या वर, तेव्हा ज्यांचे आईवडील गावभागात अडकलेले ती पुण्या-मुंबईची पोरं सारखी फोन लावत होती, इकडं लाइट नाही, मोबाईल बंद, मग शेजाऱ्याला लाव, मामाला लाव, दिसेल त्या ग्रुपवर मेसेज टाक. ते फ्रँटिक कॉल्स. मराठीत आपण कासावीस, हवालदिल, सैरभैर म्हणतो, पण कासावीस माणूस एका जागी बसूनही असतो, फ्रँटिकमध्ये बहुतेक वेळा धडपडही येते.

आता लोक घोळ घालतात तो फ्रेनेटिकशी. दोन्ही एकाच मुळाचे, पण फ्रेनेटिकमध्ये भीती असायलाच पाहिजे असं नाही, नुसती प्रचंड गडबड असली तरी चालतं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात चालू असतात तो माहोल फ्रेनेटिक, आणि त्याच गर्दीत एखाद्याची पैशाची पिशवी गायब झाली की तो माणूस फ्रँटिक. (पेपरवाले दोन्ही एकमेकांच्या जागी वापरतात, चालतं ते, पण तुम्ही शिकताय तर फरक धरा.)

वापरताना 'फ्रँटिक सर्च', 'फ्रँटिक एफर्ट्स', 'शी वॉज फ्रँटिक विथ वरी' हे नेहमीचे. फ्रँटिकली लिहिताना शेवटी ए-एल-एल-वाय येतं, नुसतं एल-वाय नाही, बोलताना तो ए ऐकूच येत नाही म्हणून पोरं खातात. आणि नुसता राग आलेल्या माणसाला फ्रँटिक म्हणू नका, त्याला फ्युरिअस म्हणा. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा आलाय तर अँक्शस, सकाळी रिक्षात बसल्यावर हॉलतिकीट सापडेना म्हणून सगळं दप्तर उलटं केलं तर मात्र फ्रँटिक.