भयपटात ठरावीक पात्रं का असतात? लघुपट लिहिताना ती घ्यावीत की टाळावीत?

तुम्ही कॉलेजच्या स्पर्धेसाठी भयपट लिहिताय आणि सावध करणारा म्हातारा, मांत्रिक, भुताला न मानणारा मित्र ही नेहमीची मंडळी ठेवावीत का, असं विचारलंय. माझं मत, खुशाल ठेवा. फक्त प्रत्येकाला काय माहीत आहे आणि ते केव्हा कळतं, हे लिहायला बसण्याआधी ठरवा. भीती तिथूनच येते.

आमचाच अनुभव सांगतो. इथं नाशिकला, पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात आम्ही बारा मिनिटांचा भयपट केला होता. पहिल्या खर्ड्यात वाड्याचा राखणदार मुक्कामाला आलेल्या भावंडांना म्हणायचा, "माडीवर जाऊ नका, तिथून कोणी परत आलेलं नाही." वाचनाला बसलेली पोरं फसकन हसली. राखणदाराचं काम करणारे काका हौशी नाटकांत मुरलेले. ते म्हणाले, "अरे, एवढं ठाऊक असून हा माणूस इथं नोकरी का करतो?" मग आम्ही तो प्रसंग नव्यानं लिहिला. दिवेलागणीला राखणदार जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवतो, वर फुलपात्र पालथं घालतो आणि चपला घालता घालता सांगतो, "सकाळी रिकामा दिसला तर भरून ठेवा. मला सांगू नका." बास, एवढंच. पुढच्या वाचनाला कोणी हसलं नाही. सावध करणारा माणूस धोक्याबरोबर जगायला शिकलेला असतो, ते दिसलं पाहिजे.

सगळ्यात जास्त मेहनत मात्र न मानणाऱ्यावर घ्या. तो प्रेक्षकाच्या वतीनं प्रश्न विचारत असतो. त्याला मूर्ख केलंत की प्रेक्षकही तुमच्या हातून सुटला. 2003 च्या 'भूत'मध्ये बायकोचं वागणं बदलल्यावर नवरा तिला आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतो. कोणताही शहाणा माणूस हेच करेल. घरकाम करणारी बाई मात्र आधीच ओळखून असते. त्याचा नकार प्रेमापोटी आहे, म्हणून तो ढासळताना बघवत नाही.

मांत्रिकाबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. आपल्याकडे पेठ-सुरगाण्याच्या बाजूला भगत म्हणतात, घाटावर देवऋषी. आजारी माणसाला दवाखान्याऐवजी तिकडे नेणं अजून थांबलेलं नाही. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. पडद्यावर तेच करून बाई बरी झालेली दाखवू नका. मांत्रिक हवाच असेल तर त्याला अपुरं ज्ञान द्या, त्यालाही भीती वाटू द्या.

शेवटपर्यंत टिकणाऱ्या मुलीला 'फायनल गर्ल' हे नाव दिलं कॅरल क्लोव्हर या अमेरिकी अभ्यासिकेनं, 1987 च्या एका लेखात. 1978 च्या 'हॅलोवीन'मधली लॉरी बघा. बाहेर कोणीतरी उभं आहे हे तिच्या लक्षात येतं, मैत्रिणी मात्र मनावर घेत नाहीत. आणि वेळ येते तेव्हा ती विणकामाची सुई, कपाटातला तारेचा हँगर, हाताला लागेल त्यानं लढते. ती टिकते याचं कारण तिचं लक्ष. तिचा 'चांगुलपणा' हे कारण मानणारे पुष्कळ आहेत, मला ते पटत नाही.

मित्रांचा घोळका बळी जायलाच असतो, त्यावर फार शाई खर्चू नका. फक्त पहिला बळी अनपेक्षित निवडा. 1960 च्या 'सायको'त जिला आपण नायिका धरून बसतो तीच अर्ध्याच्या आत जाते आणि पुढे कोणाचा भरवसा धरायचा तेच कळेनासं होतं.

आपल्या मातीतलं एक पात्र मला फार मोलाचं वाटतं, ते म्हणजे मायेनं जेवू घालणारी यजमानीण. (2017 चा 'लपाछपी' पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा.) उसाच्या फडातलं एकाकी घर, दिवस गेलेली नेहा आणि तिची काळजी घेणारी तुळसाबाई. खा गं, पड जरा, बाहेर जाऊ नकोस. ही वाक्यं आपण घरोघरी ऐकलेली असतात, म्हणून संशय यायला उशीर होतो. आणि गोष्टीत गाडलेलं पाप मुलगी नको म्हणणाऱ्या घराचं आहे, तेही आपल्याच ओळखीचं. असं भूत परक्या सिनेमातून उचलून आणता येत नाही.

सात-आठ मिनिटांच्या लघुपटात तीन पात्रं पुरतात: ज्याला माहीत आहे तो, जो मानत नाही तो आणि ज्याच्यावर बेततं तो. तुमच्या गोष्टीत न मानणारा कोण आहे आणि तो का मानत नाही, तेवढं दोन ओळींत खाली लिहा. पटकथेचं त्यावरून पुढे बोलू.