ब्राउझर आपोआप भलतंच सर्च इंजिन उघडतो, अँटीव्हायरसला काही सापडत नाही. फॉरमॅट मारू का?

नाही. निदान आज तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की वरच्या पट्टीत काही शोधलं की गूगलऐवजी भलतंच सर्च इंजिन उघडतं, कोपऱ्यात 'संगणकात ५ व्हायरस सापडले' अशा सूचना येतात आणि पूर्ण स्कॅन करूनही अँटीव्हायरस सगळं ठीक असल्याचं सांगतो. शेवटी म्हटलंय, 'मित्र म्हणतो फॉरमॅट मार, विषय संपव.' हे वाक्य वाचून राहवलं नाही. आमच्या घरात याच वाक्यापायी बाबांचं दोन वर्षांचं काम गेलं.

निवृत्तीनंतर बाबा आजोबांच्या रोजनिश्या टाइप करत होते. रोज सकाळी दोन पानं. आजोबांचं अक्षर लागत नसे, तिथे ते आधी स्कॅन मोठा करून बघायचे, मग एकेक शब्द लावायचे. अशात एक दिवस ब्राउझर अगदी तुमच्यासारखाच वागायला लागला. दादा आला, खुर्ची ओढून बसला आणि पहिलाच प्रश्न टाकला, "बाबा, खरं सांगा, कुठे क्लिक केलंत?" बाबा म्हणाले, कुठेच नाही. त्याने परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर बाबा काही बोललेच नाहीत, चष्मा पुसत बसले. मी तिथेच होतो.

दादाने डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स पेन ड्राइव्हवर घेतलं आणि फॉरमॅट मारला. रोजनिश्यांचं फोल्डर थेट सी ड्राइव्हवर होतं. कुठे काय ठेवलंय, हे बाबांना कोणी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळपर्यंत विंडोज टाकून झालं, क्रोम टाकून झालं, बाबांच्या खात्याने लॉगिन केलं, बुकमार्क परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच सर्च इंजिन हजर. दादा फोनवर म्हणाला, "परत काहीतरी दाबलं असणार त्यांनी."

तेव्हा बाबांनी मला त्यांची वही दाखवली. पहिल्या दिवसापासून तारीख आणि वेळ घालून त्यांनी सगळं टिपून ठेवलं होतं. एक ओळ अशी होती: 'वरच्या पट्टीत शोधल्यासच होते. गूगलचे पान उघडून त्यात शोधल्यास होत नाही. पान येण्याआधी क्षणभर दुसराच पत्ता दिसतो.' निदान या एका ओळीत झालेलं होतं. सेटिंग्जमध्ये जाऊन सर्च इंजिन पाहिलं, तर तिथे स्पष्ट लिहिलं होतं की ही सेटिंग एका एक्स्टेंशनच्या, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या, ताब्यात आहे. एक्स्टेंशन पीडीएफ जोडायचं होतं. वर्षभरापूर्वी रोजनिश्यांच्या स्कॅनसाठी मीच ते टाकून दिलं होतं. वर्षभर ते नीट चाललं, मग एका अपडेटनंतर बदललं. फॉरमॅटनंतर परत कसं आलं? सिंकमधून, म्हणजे खात्यात साठवलेल्या ब्राउझरच्या प्रतीतून. खात्यात लॉगिन केलं की बुकमार्कांबरोबर एक्स्टेंशनही येतात.

अँटीव्हायरसला ते का दिसत नाही, असं तुम्ही विचारलंय. कारण ती वेगळी चालणारी फाइल नसते. ब्राउझरच्या आत, आपणच दिलेल्या परवानगीवर चालणारा तो कोड असतो. 'सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी एकदा दिली की पुढचे अपडेट गुपचूप येतात, आणखी नवी परवानगी लागत नसेल तर पुन्हा विचारणा होत नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक्स्टेंशन २० लाखांहून अधिक लोक वापरत होते. २०२० मध्ये मूळ मालकाने ते विकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, म्हणून बंद केलं. त्या लोकांनी कुठे चुकीचं क्लिक केलं होतं?

तर आधी सगळी एक्स्टेंशन बंद करा आणि एकेक चालू करून बघा. दोषी सापडलं की सिंक चालू असतानाच काढा, म्हणजे खात्यातूनही जाईल. काढायचं बटणच चालत नसेल किंवा घरच्या मशीनवर 'ब्राउझर तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित' असं दिसत असेल, तर कोणीतरी किंवा एखाद्या प्रोग्रॅमने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, पॉलिसी (ब्राउझरवर सक्तीचा नियम) घातली आहे. अ‍ॅड्रेस बारमध्ये 'क्रोम://पॉलिसी' (इंग्रजी अक्षरांत) टाकलंत की दिसेल. कोपऱ्यातल्या सूचना बहुतेक वेगळंच प्रकरण आहे. 'रोबो नाही हे सिद्ध करा' म्हणत एखादी साइट सूचनांची परवानगी घेते आणि मग खोट्या धमक्या पाठवत राहते. साइट सेटिंग्जमधून त्या साइटची परवानगी काढा, सूचना थांबतील.

दादाला हे आजही पटत नाही. त्याच्या मते फॉरमॅट हाच खात्रीचा उपाय. खात्री कसली? बिघाड डिस्कवर असेल तरच ना. 'डीएनएसचेंजर' हा मालवेअर जगभरात सुमारे ४० लाख संगणकांत शिरला होता, नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने त्यामागची टोळी पकडली. तो वायफाय राउटरचा डीफॉल्ट पासवर्ड वापरून तिथलेही डीएनएस पत्ते बदलायचा; साइटच्या नावावरून तिची जागा कोणाला विचारायची, हे या पत्त्यांवर ठरतं. अशा वेळी संगणक दहादा फॉरमॅट केला तरी राउटर तुम्हाला त्याच भलत्या जागी पाठवणार. त्याच वायफायवर मोबाइलमध्येही असंच होतंय का, हे दोन मिनिटांत कळतं. ते न बघता डिस्क पुसणं म्हणजे निदानाआधी ऑपरेशन.

एक मात्र सांगायला हवं. तुम्ही क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर किंवा मेलमधून आलेली अनोळखी फाइल चालवली असेल आणि खात्यांत अनोळखी लॉगिन दिसत असतील, तर माझं वरचं 'नाही' मागे घेतो. मग नेट तोडा, फाइल्स कुठे कुठे आहेत ते सगळ्यांना विचारून बॅकअप घ्या आणि खुशाल फॉरमॅट मारा. पासवर्ड मात्र याच मशीनवरून बदलू नका, दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून बदला. 'सर्व उपकरणांवरून लॉगआउट'ही करा. चोरलेल्या कुकीने (तुम्ही लॉगिन आहात हे लक्षात ठेवणारी ब्राउझरमधली छोटी नोंद) पासवर्डशिवायही खात्यात शिरता येतं, आणि नुसता पासवर्ड बदलला म्हणून ती प्रत्येक ठिकाणी बाद होतेच असं नाही. मशीन ऑफिसचं असेल तर यातलं काहीच करू नका, तिथल्या आयटीवाल्यांना आधी कळवा.

बाबांनी रोजनिश्या पुन्हा पहिल्या पानापासून घेतल्या आहेत. या वेळी फोल्डरची एक प्रत माझ्याकडे असते, दर रविवारी.