अपग्रेडनंतर उबुंटू उठेना : वाचकांचे प्रश्न

उबुंटू ही विंडोजसारखीच, लिनक्सवर चालणारी संगणकप्रणाली. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर गेलेल्या वाचकांचे आहेत. उत्तरांतल्या आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टंकायच्या. ‘एपीटी’, ‘डीपीकेजी’, ‘डीकेएमएस’ यांत प्रत्येक उच्चाराला एक अक्षर आहे. ‘सुडो’ म्हणजे एस-यू-डी-ओ, ती लावली की आज्ञा मशिनच्या व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालते. ‘एपीटी’ आणि ‘डीपीकेजी’ प्रोग्रामांची पॅकेजं घालतात-काढतात. ‘इनिटरॅमएफएस’ मात्र आय-एन-आय-टी, आर-ए-एम, एफ-एस असं सलग. जोडरेघा छापल्या आहेत तितक्याच द्या. आज्ञेतलं मोठं अक्षर असेल तिथे वेगळं सांगितलं आहे.

प्रश्न (सांगली) : अपग्रेड अर्ध्यावर असताना लाईट गेली. आता मशिन सुरू केलं की ‘कर्नल पॅनिक’ असं येतं आणि खाली ‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’ लिहून सगळं थांबतं. दुरुस्तीवाला म्हणतो, डिस्क गेली किंवा फॉरमॅट मारावं लागेल. दहा वर्षांचे फोटो आहेत.

फॉरमॅट मारू देऊ नका. हा संदेश डिस्क बिघडल्याचा सहसा नसतो. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. तो सुरू होताना त्याला डिस्क वाचण्यापुरते ड्रायव्हर असलेलं एक छोटं गाठोडं लागतं. ते ‘/बूट’मध्ये ‘इनिटआरडी’ या नावाने असतं. तुमच्याकडे नव्या कर्नलची फाइल उतरली, पण लाईट गेल्यामुळे तिचं गाठोडं बांधायचं राहिलं. म्हणून (०,०), म्हणजे कर्नलला एकही डिस्क ओळखता आली नाही. फोटो जागेवरच असणार.

जुना कर्नल बहुधा अजून आहे. मशिन सुरू करा आणि कंपनीचं चिन्ह दिसताच एस्केप एकदाच दाबा, म्हणजे ग्रबचा, म्हणजे कोणता कर्नल उठवायचा ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू येईल. जुन्या बायोसच्या मशिनवर त्याऐवजी शिफ्ट दाबून धरा. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर ‘ग्रब>’ अशी कोरी ओळ येते. घाबरू नका, ‘रीबूट’ टंकून एंटर द्या आणि पुन्हा प्रयत्न करा. मेनू आला की ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू’मध्ये जा आणि पहिल्या क्रमांकाच्या कर्नलऐवजी त्याच्या खालचा जुना निवडा. ‘रिकव्हरी मोड’ लिहिलेली ओळ नको, साधी घ्या. डेस्कटॉप अर्धवट आला किंवा आलाच नाही तरी चालेल. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबून मजकुरी पडद्यावर लॉगिन करा. पासवर्ड टंकताना तिथे ठिपकेही उमटत नाहीत, त्यामुळे कळफलक बंद पडला असं समजू नका.

पुढची आज्ञा देण्याआधी फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. मग जागा पाहा :

डीएफ -एच / /बूट

‘/बूट’ वेगळ्या विभागावर असेल आणि वापर १०० टक्के दिसत असेल, तर गाठोडं न बांधलं जाण्याचं खरं कारण तेच. लाईट निमित्त झाली. ‘यूनेम -आर’ने सध्या कोणता कर्नल चालू आहे ते बघा आणि त्याला हात लावू नका. बाकीच्यांतल्या सगळ्यात जुन्याची इनिटआरडी फाइल पेनड्राइव्हवर हलवली की तात्पुरती पुरेशी जागा होते. नंतर एपीटी रुळावर आली की तो जुना कर्नल रीतसर काढता येईल. आता या क्रमाने :

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी फुल-अपग्रेड
सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के ऑल
सुडो अपडेट-ग्रब
सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज

पहिली आज्ञा अर्धवट लागलेली पॅकेजं पूर्ण करते, म्हणून ती पहिलीच. त्या वेळी एखादी सेटिंगची फाइल बदलायची का असं विचारलं जाईल. घरच्या मशिनवर नुसतं एंटर द्या, म्हणजे तुमची जुनी फाइल राहते. पाचव्या आज्ञेत बरेच जण ‘-सी’च्या जागी ‘-यू’ देतात आणि मग काही होत नाही अशी तक्रार करतात. ‘-यू’ आहे ते गाठोडं नव्याने बांधतं. तुमच्याकडे ते नाहीच, म्हणून ‘-सी’. शेवटच्या आज्ञेआधी एकदा मशिन पुन्हा सुरू करून नवा कर्नल उठतो हे बघून घ्या.

मध्येच ‘कुड नॉट गेट लॉक’ असं आलं तर मागे दुसरं काहीतरी एपीटी वापरत आहे. दहा मिनिटं थांबा. कुलपाची फाइल पुसण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नका : कुलूप त्या फाइलच्या असण्याने लागत नाही, चालू प्रोग्रामने ती धरून ठेवल्याने लागतं. पुसली तर दोन प्रोग्राम एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदीत लिहू लागण्याचा धोका.

यादीत जुना कर्नल नसेलच, तर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर २४.०४ ची प्रतिमा (इन्स्टॉल करायची आयएसओ फाइल) लिहून ‘ट्राय उबुंटू’ने मशिन उठवा. ‘एलएसबीएलके -एफ’ने मोठा ‘ईएक्सटी४’ विभाग ओळखा. समजा तो एसडीए२ आहे :

सुडो माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी

‘/बूट’ आणि ‘/बूट/ईएफआय’ वेगळे असतील तर तेही ‘/एमएनटी’खाली आपापल्या जागी जोडा. मग डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन या चार फोल्डरांसाठी ‘सुडो माउंट --बाइंड’ (उदा. ‘सुडो माउंट --बाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह’) आणि शेवटी ‘सुडो सीएचरूट /एमएनटी’. आता तुम्ही डिस्कवरच्या उबुंटूच्या आत आहात. वरच्या आज्ञा याच क्रमाने इथेही चालतात, ‘सुडो’ न लावता. डिस्क कुलूपबंद केलेली असेल तर ती आधी फाइल व्यवस्थापकातून पासवर्ड देऊन उघडा.

प्रश्न (नागपूर) : उबुंटूचं चिन्ह येतं, मग पडदा काळा आणि डाव्या कोपऱ्यात नुसती रेघ लुकलुकते. लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० आहे. २२.०४ वर तक्रार नव्हती.

कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून पाहा. लॉगिन मागितलं, तर बाकी सगळं उठलं आहे, अडलंय ते चित्रापाशी. काहीच येत नसेल तर ग्रबच्या मेनूत उबुंटूच्या ओळीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्यातल्या ‘क्वाएट स्प्लॅश’च्या जागी ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे चूक झाली तरी नुकसान नाही. नोमोडसेटवर पडदा जाडाभरडा दिसेल. तो इलाज नव्हे, आत शिरायची वाट आहे.

आत गेल्यावर तीन गोष्टी विचारा :

एनव्हिडिया-एसएमआय
डीकेएमएस स्टेटस
मोकयूटिल --एसबी-स्टेट

पहिलीने ‘व्हर्जन मिसमॅच’ म्हटलं तर जुना ड्रायव्हर अजून स्मृतीत आहे. नुसतं रीस्टार्ट करा. ‘ड्रायव्हरशी बोलता आलं नाही’ अशा अर्थाचं म्हटलं तर मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलला जोडला जाणारा तुकडा) चढलेलं नाही, आणि त्याला मुख्यतः दोन कारणं असतात. डीकेएमएस हा प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल बांधणारा प्रोग्राम. त्याच्या यादीत ‘यूनेम -आर’ने दाखवलेल्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ नसेल, तर नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधलंच गेलं नाही, बहुतेक वेळा त्यासाठी लागणाऱ्या कर्नलच्या हेडर फाइली नसल्यामुळे. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ द्या. यादीच रिकामी असेल तर तुमचा ड्रायव्हर आधीच बांधून सही केलेल्या पॅकेजातून येतो. त्याचं नव्या कर्नलचं पॅकेज आलेलं नाही. मग साफ करून नव्याने घाला :

सुडो एपीटी पर्ज ‘^एनव्हिडिया-.*’
सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल

अवतरणं साधी, सरळ वापरा. पर्ज करण्याआधी इंटरनेट चालतंय ना ते बघा. वायफाय बंद असेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा. वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

दुसरं कारण सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेलं काही चढू न देणारी मशिनची सोय. डीकेएमएसने मॉड्यूल बांधलं, पण त्यावरची सही मशिनला ओळखीची नसेल तर कर्नल ते चढवू देत नाही. सहीची किल्ली (मोक) मशिनकडे अशी नोंदवा :

सुडो मोकयूटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/मोक.डीईआर

या वाटेतलं शेवटचं ‘मोक.डीईआर’ मोठ्या अक्षरांत (फक्त ‘डीईआर’ छोट्या). एक तात्पुरता पासवर्ड मागेल, साधे आठ आकडे द्या. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर निघून जातो. अनेकांची गाडी इथेच चुकते. कळ दाबा, ‘एनरोल मोक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड, ‘रीबूट’. सिक्युअर बूट सरळ बंद करूनही काम होतं. पण शेजारी विंडोज असेल आणि त्यावर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल, तर विंडोज पुढच्या वेळी ४८ आकडी किल्ली मागेल. ती हाताशी नसेल तर सेटिंगला हात लावू नका.

ज्यांचं कार्ड जीटी ४०० किंवा ५०० मालिकेतलं आहे त्यांनी यात वेळ घालवू नये. त्यांना लागणाऱ्या ३९० शाखेचा पाठिंबा एनव्हिडियाने २०२२ मध्येच थांबवला. फक्त पर्ज करा आणि उबुंटूबरोबर येणाऱ्या मुक्त नूव्हो ड्रायव्हरवर चालवा. कचेरीच्या कामाला तो पुरतो. पूर्वी कोणी संकेतस्थळावरची ‘.रन’ फाइल घातली असेल, तर आधी ‘सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’. ती पॅकेजांच्या हिशेबात नसते आणि कर्नल बदलला की रुसते.

प्रश्न (नाशिक) : पासवर्ड बरोबर आहे. पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनवरच येतो.

मजकुरी पडद्यावर तोच पासवर्ड चालतो का बघा. चालत असेल तर ‘डीएफ -एच’. डिस्क काठोकाठ भरली असली की लॉगिनला साधी तात्पुरती फाइलही लिहिता येत नाही. ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम’ (इथला ‘एम’ मोठा) आणि ‘सुडो एपीटी क्लीन’ यांनी सुटकेपुरती जागा होते.

जागा आहे? मग ‘सुडो अ‍ॅडयूजर चाचणी’ देऊन नवा वापरकर्ता करा (नाव अर्थात रोमनमध्ये). तो आत जात असेल तर दोष तुमच्या घर-फोल्डरात आहे, उबुंटूत नाही. पहिला संशय नोम शेलच्या (उबुंटूच्या डेस्कटॉपच्या) एक्स्टेन्शन्सवर, म्हणजे वरून घातलेल्या जोडण्यांवर घ्यावा. २२.०४ मध्ये नोम ४२ होतं, २४.०४ मध्ये ४६. मध्ये ४५ ला एक्स्टेन्शन लिहिण्याची पद्धतच बदलली, त्यामुळे त्याआधीची एकही जशीच्या तशी चालत नाही. बहुतेक गुपचूप बंद राहतात, एखादी गोंधळ घालते. फोल्डर न पुसता बाजूला ठेवा :

सीडी ~/.लोकल/शेअर/नोम-शेल
एमव्ही एक्स्टेन्शन्स एक्स्टेन्शन्स-जुनी

तरीही नाही, आणि तुम्ही झॉर्गवर (एक्सऑर्ग, पडद्यावर चित्र आणण्याची जुनी पद्धत) असाल, तर घर-फोल्डरात ‘एलएस -एल .एक्सऑथॉरिटी’ देऊन पाहा (‘एक्स’ मोठा, बाकी छोटी अक्षरं). मालक म्हणून ‘रूट’ दिसला तर ‘सुडो आरएम .एक्सऑथॉरिटी’. पुढच्या लॉगिनला ती योग्य मालकाची नवी तयार होते. सुडो लावून चित्रमय प्रोग्राम चालवण्याच्या सवयीने हे होतं.

प्रश्न (पणजी) : अपग्रेडनंतर मराठी टंकता येत नाही. शिवाय लिब्रेऑफिसमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदीसारखे दिसतात.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टंकण्यासाठी ‘सुडो एपीटी इन्स्टॉल आयबस-एम१७एन’ द्या, लॉगआउट करून परत या, आणि सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, अधिकचं चिन्ह, मग तीन ठिपके असं जाऊन मराठी निवडा. भाषा बदलायला सुपर आणि स्पेस. इनस्क्रिप्टवाल्यांना आयबस (टंकलेल्या कळांची मराठी अक्षरं करणारा प्रोग्राम) लागतच नाही. त्यांनी कळफलकाच्या यादीतूनच मराठी घ्यावं. पुढच्या अपग्रेडला मोडायला एक गोष्ट कमी.

अक्षरांचं वळण मात्र फाँटवर आणि मजकुराच्या भाषेवर ठरतं. चांगल्या फाँटमध्ये मराठी ‘ल’ आणि ‘श’ असतात, पण मजकूर मराठी आहे असं प्रोग्रामला सांगितलं तरच ते बाहेर येतात. अपग्रेडमध्ये बहुधा फाँट बदलला आणि भाषेची नोंद हिंदी होती ते उघडं पडलं. लिब्रेऑफिसच्या पर्यायांत भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’समोर मराठी निवडा. जुन्या दस्तऐवजात सगळा मजकूर निवडून अक्षरांच्या खिडकीत तीच भाषा द्या.

प्रश्न (ठाणे) : अ‍ॅपइमेज फाइली उघडेनात.

अ‍ॅपइमेज म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारा, एकाच फाइलमधला प्रोग्राम. तो टर्मिनलमधून चालवून संदेश वाचा. ‘लिबफ्यूज’चं नाव आलं तर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल लिबफ्यूज२टी६४’. जुन्या लेखांत ‘लिबफ्यूज२’ असेल. २०३८ मध्ये ३२ बिटी घड्याळ संपतं, त्याच्या तयारीत २४.०४ ने बऱ्याच पॅकेजांना ‘टी६४’ हे शेपूट जोडलं. नुसतं ‘फ्यूज’ पॅकेज घालू नका. ते ‘फ्यूज३’ काढायला लावतं आणि त्याबरोबर डेस्कटॉपचे भाग जाऊ शकतात. एपीटी काय काढणार ती यादी ‘वाय’ दाबण्याआधी वाचा.

संदेशात ‘सँडबॉक्स’ असेल तर कारण अ‍ॅपआर्मरचा (प्रोग्रामांवर मर्यादा घालणाऱ्या सुरक्षा-सोयीचा) २४.०४ मधला नवा निर्बंध. सँडबॉक्स म्हणजे प्रोग्रामला बाकी मशिनपासून वेगळं ठेवणारी भिंत. ‘--नो-सँडबॉक्स’ने प्रोग्राम चालतो, पण ब्राउझरच्या धर्तीवर बांधलेल्या प्रोग्रामची ती भिंतच पडते. त्याच प्रोग्रामचं डेब किंवा स्नॅप (उबुंटूची नेहमीची पॅकेजं) मिळत असेल तर ते घ्या.

प्रश्न (लातूर) : ग्रबच्या यादीतून विंडोज गायब.

विंडोज जागेवर आहे. ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ या फाइलमध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ शोधा (बरोबर-चिन्हाआधीचं सगळं मोठ्या अक्षरांत), तिच्या आधीचा हॅश काढा, नसेल तर ओळ लिहा आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्या. दुसऱ्या प्रणाली शोधणारं ‘ओएस-प्रोबर’ पॅकेज नसेल तर ते आधी घाला. तरीही दिसलं नाही, तर विंडोज आणि उबुंटू यांतलं एक यूईएफआयने (नव्या पद्धतीने) आणि दुसरं लेगसीने (जुन्या पद्धतीने) उठतंय का ते बायोसमध्ये तपासा. दोन्ही एकाच पद्धतीने उठत नसतील तर ग्रबला विंडोज दिसणार नाही, आणि निवड मशिनच्या बूट मेनूतूनच करावी लागेल.